वॉरंटी संपलेली स्पोर्ट बाईक: मुंबईत दुरुस्ती कशी करून घ्यायची

वॉरंटी असते तोवर बिघाड शोधायचा खर्च कंपनीचा असतो. मेकॅनिकने अंदाजाने एक पार्ट बदलला, तो चुकला, मग दुसरा बदलला, तरी तुमच्या खिशाला चाट बसत नाही. वॉरंटी संपली की प्रत्येक चुकलेल्या अंदाजाचं बिल तुमच्या नावावर फाटतं. आर१५, आरसी ३९०, आरएस २००, अपाचे आरआर ३१०, निन्जा ३०० अशा गाड्यांवर हे अंदाज फार महाग पडतात. इंजिन लिक्विड कूल्ड, पेट्रोल इंजेक्शनवर, जागोजागी सेन्सर, आणि या सगळ्यावर फेअरिंग, म्हणजे प्लास्टिकचं आवरण, चढवलेलं. काही गाड्यांत नुसत्या प्लगपर्यंत हात पोचायला टाकी उचलावी लागते. म्हणून पुढचं सगळं एकाच सूत्राने लिहिलं आहे: आधी तपास, मग पार्ट.

आधी बघा, वॉरंटी खरंच संपली का

वॉरंटी मोजतात विक्रीच्या तारखेपासून, आणि वर्षं किंवा किलोमीटर यातलं जे आधी भरेल तिथे ती संपते. पण गाडी घेताना शोरूमने वाढीव वॉरंटी बिलात जोडली होती का, हे अनेकांच्या लक्षातच नसतं. खरेदीचं बिल काढून ओळ न ओळ वाचा. बॅटरी आणि टायर यांची वॉरंटी त्यांच्या कंपनीची, वेगळी असते. तिचा कागद सर्व्हिस बुकात मागे खोचलेला सापडतो.

दुसरी गोष्ट रिकॉलची. कंपनीने एखादा पार्ट सदोष म्हणून परत बोलावला असेल तर तो वॉरंटी संपल्यावरही फुकट बदलून मिळतो. आरसी बुकावरचा चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, किंवा सर्व्हिस सेंटरला तो नंबर देऊन विचारा. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे पहिल्याच दिवशी करा, कारण कंपनीची पत्रं आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेलेली असतात.

वॉरंटी अजून महिना-दोन महिने शिल्लक असेल तर एक पूर्ण तपासणी करून घ्या. पुढच्या शॉकअपची गळती, कोनसेटची (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगची) खाच, वॉटर पंपाखालची ओल, स्टार्टरचा आवाज, डिस्प्लेच्या काचेआड साचणारी वाफ. जे सापडेल ते जॉब कार्डवर (गाडी देताना गॅरेज भरतं तो कामाचा कागद) लिहून घ्या आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. मुदतीत नोंदवलेल्या तक्रारीचं काम मुदतीनंतर झालं तरी तुमची बाजू भक्कम राहते. मुदत नुकतीच उलटली असेल आणि सगळ्या सर्व्हिस वेळेवर झाल्या असतील, तर कंपनीच्या ग्राहक विभागाला जॉब कार्डांसह ईमेल करून खर्चातला वाटा मागा. नकार आला तरी गमावण्यासारखं काही नाही.

काम कुठे द्यायचं

सगळं काम एकाच ठिकाणी द्यायची सक्ती आता संपली आहे, त्याचा फायदा घ्या. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), कोनसेट, शॉकअपचे सील, क्लच प्लेट, ही कामं चांगलं गॅरेज सर्व्हिस सेंटरइतकीच नीट करतं, आणि बहुधा कमी मजुरीत. याउलट ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर, इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या चिपची) चावी आणि एबीएस मॉड्युल उघडावं लागेल असं काही असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा, कारण त्याला कंपनीचं निदान-यंत्र लागतं. बीएस६ गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, बहुतेक ठिकाणी सीटखाली लाल रंगाचा सहा पिनचा निदान-कनेक्टर असतो. योग्य केबल आणि स्कॅनर असलेलं बाहेरचं गॅरेजही त्यातून एरर कोड वाचू शकतं. तिसरा प्रकार लेथवाल्याचा. ड्रेन बोल्टचे आटे गेले, इंजिनात बोल्ट तुटून राहिला, तर चांगला लेथवाला हेलिकॉइल (नव्या आट्यांची स्प्रिंग) बसवून शंभर टक्के काम करून देतो आणि अख्खं क्रँककेस, म्हणजे इंजिनचं खालचं घर, बदलायचा खर्च वाचतो.

गॅरेज पारखायला पहिलं काम छोटं द्या, ऑइल आणि चेनचं. तिथे उभं राहून तीन गोष्टी बघा. काढलेले स्क्रू वाटीत किंवा ट्रेमध्ये जागेनुसार ठेवतात का, की जमिनीवर ढीग करतात? बोल्ट आवळायला टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) निघतं का? फेअरिंग काढून कशावर ठेवतात, कापडावर की फरशीवर? फेअरिंगचे बोल्ट लांबीने वेगवेगळे असतात. लांब बोल्ट आखूड जागी गेला की तो आतल्या रेडिएटरला किंवा वायरिंगला टेकतो, आणि प्लास्टिकची नाकं तुटली की पॅनेल कायमचं खडखडतं. या तीन गोष्टींवरून त्या गॅरेजचा स्वभाव कळतो.

शक्य असेल तर मोठं काम एप्रिल-मेमध्ये उरकून घ्या. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांनी प्रत्येक गॅरेज भरतं आणि तुमच्या कामाला कुणाला सवड राहत नाही.

गाडी देताना काय सांगायचं

"पिकअप नाही", "गाडी ओढत नाही" एवढ्याने काम भागत नाही. लक्षण सांगा, निदान सांगू नका. "क्लच प्लेट गेली वाटतं" असं तुम्हीच म्हणालात की क्लच प्लेट बदलून मिळेल आणि बिघाड तसाच राहील. त्याऐवजी असं सांगा: "थंड असताना ठीक चालते. सायनच्या सिग्नलला पंधरा-वीस मिनिटं अडकली की आयडलिंग खाली येतं आणि बंद पडते. दहा मिनिटांनी परत चालू होते. चेक इंजिन लाइट लागत नाही." एवढ्यावर जाणता मेकॅनिक अर्धा तपास जागेवरच करतो.

जॉब कार्डवर किंवा व्हॉट्सअॅपवर ही चार वाक्यं लेखी जाऊ द्या:

विचारल्याशिवाय अंदाजित खर्चापलीकडे काम करू नये.
बदललेले जुने पार्ट परत द्यावेत.
पार्टचा नंबर आणि किंमत बिलात वेगळी, मजुरी वेगळी लिहावी.
इंजिन खोलायचं असेल तर आधी कारण आणि तपासाचे आकडे कळवावेत.

गाडी सोडण्याआधी किलोमीटर, पेट्रोलचा काटा आणि फेअरिंगच्या चारही बाजूंचे फोटो काढा.

चालू होत नाही: बॅटरी आणि चार्जिंग

इंजेक्शनची गाडी बॅटरीवर फार अवलंबून असते. साधा मल्टिमीटर स्वस्तात मिळतो आणि हा तपास घरच्या पार्किंगमध्ये होतो.

त्याआधी फुकटचं बघा. किल स्विच चालू स्थितीत आहे ना, साइड स्टँड पूर्ण वर आहे ना, गिअरमध्ये असेल तर क्लच दाबलाय ना. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाचा "झूं" आवाज यायला हवा. तो नसेल तर फ्यूज, पंप रिले आणि गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर, या क्रमाने बघा. साइड स्टँडचा स्विच चिखलाने भरलेला असणं हे पावसाळ्यात सर्रास होतं, आणि त्यापायी स्टार्टर बदललेल्या गाड्याही असतात.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीच्या टोकांवर १२.६ ते १२.८ व्होल्ट मिळायला हवेत. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून मग पुढचा निर्णय घ्या. स्टार्टर मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे. आता इंजिन चालू करून चार-पाच हजार आरपीएमला धरा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. १५ च्या वर गेला तर रेक्टिफायर-रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा पार्ट) गेला, आणि तो तसाच ठेवला तर नवी बॅटरीही उकळून जाईल. १३ च्या खाली अडकला तर दोष रेग्युलेटरमध्ये किंवा स्टेटर कॉइलमध्ये, म्हणजे इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलमध्ये. कॉइलचा तीन वायरचा कनेक्टर सोडवून इंजिन चालू असताना दोन-दोन वायरमधलं एसी व्होल्टेज बघायचं. तिन्ही जोड्या जवळपास सारख्या हव्यात, आणि इंजिन बंद असताना कुठल्याही वायरचा बॉडीशी संबंध लागता कामा नये. कनेक्टर हातात घेतल्यावर प्लास्टिक तपकिरी, वितळलेलं दिसलं तर बिघाड बहुतेक तिथेच आहे. समुद्राच्या हवेत या पिना हिरव्या पडतात, पकड ढिली होते आणि मग त्या तापतात.

गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, पण चार्जिंग बरोबर आहे? तर बॅटरीला थेट जोडलेला मोबाइल चार्जर किंवा जीपीएस ट्रॅकर काढून बघा.

गरम होते: इथे घाई करू नका

मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये स्पोर्ट बाईक गरम होणारच. सिग्नलला पंखा लागणं, मांड्यांवर गरम वारा येणं हे बिघाडाचं लक्षण नाही. तापमानाचा काटा वर चढत जाणं, पंखा न लागणं किंवा कूलंट पुन:पुन्हा कमी होणं, हा बिघाड.

तपास नेहमी थंड इंजिनवर करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं कूलंट तोंडावर येतं, ही चूक आयुष्यात एकदाही होऊ देऊ नका. पहिल्यांदा बाजूच्या छोट्या टाकीतली कूलंटची पातळी दोन रेघांमध्ये आहे का बघा. मग पंख्याचा फ्यूज. फ्यूज ठीक असेल तर पंख्याचा कनेक्टर सोडवून बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्या. पंखा फिरला तर मोटर चांगली आहे, दोष रिले, सेन्सर किंवा वायरिंगमध्ये. फिरला नाही तर मोटर गेली. हा दोन मिनिटांचा तपास न करता पंख्याचा पूर्ण सेट विकणारे कमी नाहीत.

रेडिएटरच्या जाळीत पावसाळ्याचा चिखल वाळून बसतो. तो मागून पुढे, साध्या पाइपच्या धारेने धुवा. प्रेशर वॉशची तोटी जवळ धरली की पातळ फिन आडव्या होतात आणि हवेची वाटच बंद होते.

आता कूलंट कमी होतंय पण गळती दिसत नाही, ही तक्रार. टॉर्च घेऊन वॉटर पंपाच्या कव्हरखाली वाका. तिथे एक बारीक भोक असतं, मुद्दाम ठेवलेलं. पंपाच्या दोन सीलच्या मधली जागा या भोकातून बाहेर उघडते. त्यातून हिरवट किंवा निळसर थेंब, किंवा त्यांचा वाळलेला पांढरट-रंगीत डाग दिसला तर कूलंटच्या बाजूचं सील गेलं. ऑइलचा थेंब असेल तर इंजिनाच्या बाजूचं. कुणी ते भोक एम-सील लावून बुजवत असेल तर थांबवा. बाहेर येणारं कूलंट मग आतल्या सीलमधून ऑइलमध्ये जातं, आणि काही शेकड्यांच्या सीलचं काम बेअरिंग आणि क्रँकपर्यंत जाऊन पोचतं.

ऑइल दुधाळ झालं की लोक घाबरतात, तिथेही फरक ओळखा. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर ऑइलच्या झाकणाला आतून पिवळसर साय धरते. ती वाफेची आहे, एक लांब फेरी मारली की जाते. पण इंजिनच्या काचेतून दिसणारं सगळंच ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल आणि कूलंटही उतरलं असेल, तर पंपाचं सील किंवा हेड गॅस्केट. अशा गाडीला चालवत गॅरेजला नेऊ नका, टेम्पोत घालून न्या.

कूलंट दोन-तीन वर्षांनी बदला. तयार मिसळलेलं घ्या, किंवा गाढं असेल तर डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात, बहुधा निम्मंनिम्म. नळाचं पाणी टाकलं की आत क्षार बसतात आणि अॅल्युमिनियम खातात.

ब्रेक

डिस्कच्या आतल्या कडेवर बोट फिरवा आणि टॉर्च मारा. तिथे "मिन टीएच" या अर्थाची अक्षरं आणि मिमीमधला आकडा कोरलेला असतो. ही त्या डिस्कची किमान जाडी. गॅरेजमध्ये मायक्रोमीटरने घासल्या जागेवर जाडी मोजायला सांगा. व्हर्नियर असेल तर काठावरचा न घासलेला उंचवटा टाळून मोजा. आकडा किमानपेक्षा कमी असेल तर डिस्क बदलायची, जास्त असेल तर फक्त पॅड. "डिस्कला रेघा पडल्यात, बदला" हे कारण एकट्याने पुरत नाही.

पॅडवरचं मटेरियल १ मिमीच्या आसपास आलं किंवा खाच पुसली गेली की पॅड बदला. बदलताना कॅलिपरचे पिस्टन आत ढकलण्याआधी साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने स्वच्छ झाले पाहिजेत. वाळलेल्या मळासकट पिस्टन आत गेला की सील कापतं, आणि महिन्याभरात ब्रेक अडकायला लागतो. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस, साधं ग्रीस नव्हे. नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरून गॅरेजच्या दारातच समोरच्या गाडीवर आदळलेल्या गाड्या आहेत.

ब्रेक ऑइल म्हणजे डॉट ४. ते हवेतली आर्द्रता शोषतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो. मुंबईच्या दमटपणात दोन वर्षांपेक्षा जास्त थांबू नका. त्याचा थेंब फेअरिंगवर पडला तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उतरतो. एबीएसचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि गाडी थोडी चालल्यावरच विझतो, ते बरोबर आहे. चालतानाही विझत नसेल तर आधी चाकाजवळचा सेन्सर आणि दातेरी रिंग पुसून बघा. बऱ्याचदा तिथे ब्रेकची काजळी आणि चिखल साठलेला असतो.

चेन

चेन ढिली आहे की संपली आहे, हे दोन वेगळे प्रश्न. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेनची कडी बोटांनी मागे ओढा. स्प्रॉकेटचा दात निम्म्याहून जास्त उघडा पडला तर चेन ताणली गेली आहे, ती आवळून उपयोग नाही. चेन, पुढचा आणि मागचा स्प्रॉकेट, तिन्ही एकत्र बदला. जुन्या दातांवर नवी चेन चढवली की ती दुप्पट वेगाने झिजते. मापही तपासून घ्या, आर१५ ला ४२८ ची चेन लागते, आरसी ३९० ला ५२० ची.

लॉकची चेन असेल तर मासोळीच्या आकाराची क्लिप बघा. तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं, उघडी शेपटी मागे. उलटी बसली तर घासून निघते आणि चेन वेगात सुटते. सुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटजवळ गोळा होऊन क्रँककेस फोडू शकते. क्लिप उलटी आहे का हे बघायला दहा सेकंद लागतात.

ढिलाईचं माप स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतं. दोन-चार ठिकाणी चाक फिरवून मोजा, जिथे चेन सगळ्यात घट्ट असेल तिथलं माप धरा. ओ-रिंग चेन पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं. केरोसीन किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, कोरडं पुसणं, मग चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल. एरवी ५०० किलोमीटरला पुरतं, भर पावसात ३०० लाच करा.

खड्ड्यांनी काय बिघडतं

क्लिप-ऑन म्हणजे खाली, थेट शॉकअपच्या नळ्यांवर बसवलेल्या हँडलमुळे स्वाराचा भार पुढे येतो आणि शहरातले खड्डे थेट कोनसेटवर बसतात. पुढचं चाक अधांतरी धरून हँडल हळूच एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फिरवा. मधोमध, सरळ स्थितीत, हलकीशी खाच जाणवली तर बॉलनी वाटीत खड्डे पाडलेत. मग दोन्ही शॉकअप खालून धरून पुढे-मागे हलवा, "टक्" झालं तर ढिलं आहे. ढिलं असेल तर आवळून चालतं. खाच आवळून जात नाही, पूर्ण सेट बदलावा लागतो, नाहीतर गाडी सरळ रेषेत धरत नाही.

पुढच्या शॉकअपच्या नळीवर ऑइलची कडी दिसली तर लगेच सील बदलायची घाई नको. सीलच्या ओठात अडकलेली माती पातळ प्लास्टिक पट्टीने काढा आणि दोन दिवस बघा. तरी गळत असेल तर दोन्ही बाजूंचे सील आणि ऑइल एकत्र बदला, दोन्हीकडे मोजून तेवढंच ऑइल. आरसी ३९० किंवा आरआर ३१० सारख्या उलट्या शॉकअपच्या गाड्यांत गळणारं ऑइल खाली थेट ब्रेकवर उतरतं, तिथे दोन दिवसही थांबू नका. वाकलेली नळी सरळ करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. रिमचा बेंड काढता येतो, पण तडा असेल तर ते रिम भंगारातच गेलं पाहिजे.

ऑइल, प्लग, टॅपेट

ऑइल घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलचा दर्जा) हवंच, कारण क्लच त्याच ऑइलमध्ये भिजतो. कारचं ऑइल टाकलं की क्लच घसरतो. ग्रेड आणि प्रमाण मॅन्युअलमधलं. पातळी गाडी सरळ उभी करून, इंजिन बंद करून काही मिनिटांनी बघा. जास्त भरलं तर ते ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये चढतं. ड्रेन बोल्टचं वॉशर दरवेळी नवं, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला. जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

आरएस २०० आणि एनएस २०० च्या एकाच सिलिंडरला तीन प्लग असतात. बिलात एकच प्लग दिसला तर उरलेल्या दोघांचं काय झालं ते विचारा.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हजवळच्या फटीचं, माप थंड इंजिनवरच घेतात. आर१५ मध्ये ते स्क्रूने जमतं. आरसी ३९०, आरआर ३१०, निन्जा ३०० मध्ये शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) बदलाव्या लागतात, म्हणजे मापाच्या शिम हाताशी असलेलं गॅरेज हवं. "आवाज येतोय" म्हणून टॅपेट घट्ट करून देणाऱ्यापासून सावध राहा. घट्ट टॅपेटची गाडी शांत वाटते, आणि व्हॉल्व्ह जळतो.

पाण्यात बंद पडली तर

हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे, कुठेही पाण्यात गाडी बंद पडली की स्टार्टरला हात लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि जोर कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. चावी बंद करून गाडी ढकलत बाहेर काढा. गॅरेजमध्ये क्रम असा: एअर बॉक्स उघडून पाणी बघा, प्लग काढा, प्लगच्या वायर बाजूला ठेवून स्टार्टर थोडा फिरवून पाणी बाहेर फेका, ऑइल आणि फिल्टर बदला. थोडं चालवून ऑइल परत दुधाळ दिसलं तर परत बदला. कनेक्टर सोडवून वाळवा. विम्यात इंजिन प्रोटेक्ट जोड घेतलेली असेल तर हात लावण्याआधी कंपनीला कळवा.

विम्याचंच सांगायचं तर, साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. फेअरिंगच्या एका पॅनेलसाठी दावा करून पुढच्या वर्षीची नो क्लेम सवलत घालवण्यापेक्षा आधी दोन्ही आकडे मांडून बघा.

पार्ट कुठून, कसे

आधी पार्ट नंबर मिळवा, कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमधून किंवा काढलेल्या जुन्या पार्टवरून. त्या नंबराने अधिकृत काउंटरवर भाव विचारा आणि मग बाहेरच्या दुकानात जा. पाकिटावर नंबर, एमआरपी, पॅकिंगची तारीख आणि होलोग्राम बघा. प्लग, ब्रेक पॅड, फिल्टर, चेन यांच्या नकला बाजारात सगळ्यात जास्त असतात. नकली फिल्टरचा कागद पातळ आणि घड्या वाकड्यातिकड्या असतात.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीवरून काढलेले जुने पार्ट मिळतात. फेअरिंगचा ब्रॅकेट, फूटरेस्ट, आरसा असं तिथून घ्यायला हरकत नाही. ब्रेक, रिम, शॉकअप तिथले नकोत. ज्यावर इंजिन नंबर कोरलेला आहे ते क्रँककेस तर बिलाशिवाय घेऊच नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, आणि नंबर बदलला की आरटीओत, मग तो ताडदेव असो, अंधेरी, वडाळा की बोरिवली, आरसी बुकावर नोंद करावी लागते.

गाडी ताब्यात घेताना

पैसे देण्याआधी जुने पार्ट हातात घ्या आणि बिलाशी जुळवा. दोन्ही ब्रेक, दिवे, हॉर्न, हँडल टोकापर्यंत फिरवल्यावर केबल ताणते का, हे जागेवर बघा. मग मेकॅनिकला सांगून पाच-सात किलोमीटर फेरी मारा आणि ज्या परिस्थितीत बिघाड व्हायचा तीच परिस्थिती मुद्दाम आणा. गरम झाल्यावर बंद पडायची असेल तर आधी गरम होऊ द्या. परत आल्यावर खाली वाकून गळती बघा. किलोमीटर, तारीख, पार्ट नंबर आणि बिलाचा फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा, गाडी विकताना त्याचे पैसे होतात.

पक्कं बिल घेतलंच पाहिजे. काम फसलं तर आधी त्याच गॅरेजला लेखी कळवा आणि दुरुस्तीची मुदत द्या. उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही सुटलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज जायला हवा. जॉब कार्ड, बिल, व्हॉट्सअॅपवरची ती चार वाक्यं आणि शक्य असल्यास दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत, एवढं अर्जासोबत जोडा.